पाण्याच्या हिशेबात कोपीही धरा

बार्शी तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा आणि गावाला रोज किती पाणी लागतं ते विचारा. लोकसंख्येला ५५ नं गुणून उत्तर मिळेल, कारण जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवून दिलंय. गुणाकार बरोबर असतो, लोकसंख्या मात्र चुकलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड-धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, माळावर त्यांच्या झोपड्या म्हणजे कोप्या पडतात, वीटभट्ट्या सुरू होतात, गावाबाहेर पालं ठोकली जातात. या माणसांची नावं त्यांच्या गावच्या यादीत असतात आणि पाणी ती आपल्या शिवारातलं पितात. पूर आला तर उलटं होतं. आपलीच माणसं घर सोडून दुसऱ्या गावच्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात जाऊन राहतात आणि त्या गावाच्या यादीबाहेर पडतात.

साथ मात्र यादी बघून येत नाही. कोपीवरच्या लेकराला जुलाब लागले, ते ओढ्याच्या कडेला बसलं आणि त्याच ओढ्यालगत गावाची विहीर असली, तर आठवडाभरात गावठाणातली माणसंही दवाखान्यात दिसतात. म्हणून शुद्ध पाण्याचं नियोजन करताना गावात राहणारा आणि गावात आलेला, दोघांनाही एकाच हिशेबात धरा. पुढची सगळी कामं त्यासाठीच आहेत. ती सरपंच, पाणीपुरवठा समितीचे सदस्य, जलसुरक्षक, आशाताई, बचत गट, मुकादम आणि ज्यांच्या रानात टोळी उतरते ते शेतकरी, या सगळ्यांनी मिळून करायची आहेत.

आधी माणसं मोजा

एक वही करा. पहिल्या पानावर गावठाण आणि वाड्या-वस्त्या. दुसऱ्यावर हंगामी माणसं: कुणाच्या रानात किती कोयते आले, भट्टीवर किती कुटुंबं आहेत, किती पालं आहेत, मेंढपाळांचा वाडा कुठं बसलाय. कोयता म्हणजे एक जोडपं. पोरं आणि म्हातारी माणसं वेगळी मोजा. प्रत्येक नोंदीपुढं ही माणसं सध्या पाणी कुठून आणतात, ते लिहा. ‘शेतातल्या विहिरीवरून, लाईट असली तर’ असं उत्तर आलं, तर त्याच्याखाली रेघ मारा. तुमचं पहिलं काम तिथं आहे.

मग गरज काढा. टँकरनं पाणी देताना ग्रामीण भागात माणशी रोज २० लिटर धरतात. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार पिणं, स्वयंपाक आणि अंगधुणं मिळून माणशी किमान १५ लिटर लागतात. पाणी ५०० मीटरच्या आत असावं, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त उभं राहावं लागू नये आणि एका तोटीवर २५० पेक्षा जास्त माणसं नसावीत, असंही ही मानकं सांगतात. २० कोयत्यांची टोळी म्हणजे मोठी माणसं ४०, लेकरं धरा २५. पासष्ट माणसांना २० लिटरप्रमाणं रोज १,३०० लिटर लागतील. २,००० लिटरची एक प्लॅस्टिकची टाकी, खाली दगडी ओटा आणि चार तोट्या एवढ्यात हे काम भागतं. आकडा समोर मांडला की ‘एवढ्यांना कुठून पाणी द्यायचं’ हा प्रश्न बराच लहान होतो.

कुठलं पाणी कुठं बिघडतं

बार्शीचा भाग पावसाच्या भरवशाचा. हिंगणी-जवळगावसारखी धरणं आहेत, शहराला उजनीचं पाणी येतं, पण खेड्यांची मदार विहिरी आणि बोअरवर. जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून पाणी येतं आणि त्याच भेगांतून घाणही उतरते. म्हणून शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान ३० मीटर लांब ठेवा, आणि तोही उताराच्या खालच्या अंगाला.

उघड्या विहिरीला कठडा नसेल तर पावसाचं पाणी शेण-माती घेऊन थेट आत जातं. कठडा, भोवती उताराचा ओटा आणि पाणी उपसायला पंप किंवा एकच ठरलेला पोहरा, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. ज्यानं त्यानं आपापल्या घरची बादली सोडली की प्रत्येक घरची घाण विहिरीत पडते.

हातपंपाशी आपल्या सोलापूर जिल्ह्याचं जुनं नातं आहे. सत्तरच्या दशकात केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून जो ‘इंडिया मार्क टू’ पंप घडवला, त्याला ‘सोलापूर पंप’ नावाच्या दणकट पंपाचा आधार होता. पुढं तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोचला आणि जगभर असे लाखो पंप बसले. या पंपाचं पाणी सहसा चांगलं असतं, बिघडतो तो ओटा. सिमेंटला तडा गेला, सांडपाण्याची नाली तुंबली, म्हशी तिथंच बसायला लागल्या, की ते पाणी केसिंग पाइपाच्या कडेनं परत खाली मुरतं. दर पावसाळ्याआधी ओट्याचे तडे बुजवा आणि नाली पंपापासून लांब परसबागेत नाहीतर शोषखड्ड्यात सोडा.

नळाला सगळ्यात मोठा धोका ‘दिवसाआड’चा. पाणी बंद झालं की नळात पोकळी होते आणि फुटक्या जोडातून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. टाकीत शुद्ध असलेलं पाणी शेवटच्या घरी गढूळ येतं ते यामुळं. गटारातून गेलेले नळजोड शोधून वर उचलून घ्या. तोट्या नसलेल्या नळांना तोट्या बसवा आणि नळाला मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांना समितीनं स्पष्ट सांगावं की त्यामुळं गटार सगळ्यांच्या घरात जातं.

जारच्या पाण्याबद्दल गैरसमज फार. पाणी थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं जार नीट धुतलेला नसेल तर जंतूंची वाढ सुरू होते आणि त्यांना अडवायला पाण्यात काही नसतं. गावातल्या प्लांटचं पाणी किती दिवसांनी तपासलं जातं, हे मालकाला विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

टीसीएल: मात्रा आणि रीत

गावोगाव ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर हे सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं औषध. ते वाया जातं ते दोन कारणांनी: पावडर मेलेली असते, किंवा मात्रा अंदाजानं टाकली जाते.

ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. तोंड उघडं पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत महिनोन्महिने पडलं असेल तर ती पावडर म्हणजे नुसता चुना. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, पुरेल तेवढीच आणा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवून क्लोरीन २० टक्क्यांच्या वर आहे ना, ते तपासून घ्या.

मात्रा काढायला विहिरीतलं पाणी मोजावं लागतं. फुटांत मोजायचं तर सोपी रीत अशी: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, की साधारण लिटर मिळतात. विहीर २० फूट रुंद, पाणी १० फूट, तर २० × २० × १० × २२ म्हणजे ८८,००० लिटर. उत्तम ताजी पावडर असेल तर हजार लिटरला २.५ ग्रॅम पुरतात. गोदामातून आलेल्या नेहमीच्या पावडरीला ५ ग्रॅम धरा. म्हणजे या विहिरीला ४४० ग्रॅम.

आता कृती. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या, थोडं पाणी घालून लाकडी काठीनं गुठळ्या मोडत पातळ खीर करा. मग पाऊण बादली पाणी भरून ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. तळाशी चुना बसतो, वर निवळ राहते. ही निवळ दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोरानं पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, चारी अंगांनी फिरवा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका. त्यानं पाणी जड होतं. हे काम रात्री, शेवटची बाई पाणी भरून गेल्यावर करा, म्हणजे क्लोरीनला काम करायला वेळ मिळतो. निदान एक तास तरी कुणी पाणी उपसू नये. पावडर हाताळताना तोंडाला रुमाल बांधा आणि वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा.

टाकी असेल तर पंप सुरू झाल्यावर, पाणी पडत असतानाच निवळ सोडा, म्हणजे ती आपोआप मिसळते. आणि टाकी वर्षातून दोनदा तरी धुवा. धुतल्याची तारीख टाकीवर रंगानं लिहा. लोकांना ती वाचता येते, हे समितीच्याही लक्षात राहतं.

ओटी टेस्ट शेवटच्या तोटीवर

पावडर टाकली म्हणजे काम झालं असं समजू नका. क्लोरीन पाण्यात उरला का, ते ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टनं कळतं. नळीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. लगेच रंगपट्टीशी ताडून बघा. विहिरीत किंवा टाकीत तासाभरानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या घराच्या तोटीवर निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओटीचं औषध विषारी आहे, तपासलेलं पाणी ओतून द्या आणि हात धुवा.

बऱ्याच ठिकाणी ही चाचणी टाकीखालच्या पहिल्या नळावर होते आणि वहीत ‘योग्य’ असं लिहिलं जातं. नमुना लांबच्या वस्तीतून, दलित वस्तीच्या टोकाच्या नळावरून आणि कोपीवरच्या बॅरलमधून घ्या. खरं काय ते तिथं कळतं.

क्लोरीन जंतू मारतो, पण क्षार आणि रसायनं काढत नाही. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. खतं आणि शौचालयाचे खड्डे यांमुळं ते वाढतं आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना त्याचा धोका जास्त. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. एखादा बोअर या हद्दीपलीकडं गेला तर त्याच्यावर लाल रंगानं ‘पिण्यासाठी नाही’ असं लिहा आणि दुसरा स्रोत शोधा. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं शिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, संच कुठं आहे आणि त्यातली औषधं मुदतीत आहेत का, ते बघा. संच बंद पेटीत पडून राहिला तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. आरोग्य विभाग एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये गावातल्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. आपल्याला कुठलं मिळालं आणि का, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

टोळी उतरते तिथं

ऊसतोडीची बाई पहाटे अंधारात उठते, स्वयंपाक उरकून फडावर जाते आणि संध्याकाळी परत आल्यावर घागर घेऊन निघते. रानातल्या मोटरीला लाईट रात्री असते, म्हणून पाणी मिळेल तेव्हा मिळेल त्यात भरून ठेवलं जातं. कोपीच्या दारात उभं असलेलं निळं किंवा पांढरं बॅरल जरा निरखून बघा. ते कधीकधी कीटकनाशकाचं किंवा तणनाशकाचं असतं. कितीही धुतलं तरी त्याच्या प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेलं राहतं. शेतकऱ्यानं अशी रिकामी बॅरलं टोळीला देऊ नयेत, भोकं पाडून निकामी करावीत. बदल्यात दोनशे लिटरचं खाण्याच्या मालाचं बॅरल आणि तोटी दिली तरी एका कुटुंबाचा प्रश्न मिटतो.

टोळी उतरण्याआधीच मुकादम, शेतकरी आणि ग्रामपंचायत यांनी बसून ठरवा: टाकी कोण देणार, ती रोज कोण भरणार, टीसीएलची निवळ कोण टाकणार. पाणी वाहायला कारखान्याकडं ट्रॅक्टर असतात, ग्रामपंचायतीकडं पावडर असते, शेतकऱ्याकडं जागा असते. कुणा एकावर सगळं टाकलं की काहीच होत नाही. टोळीतल्याच एका बाईला ओटी टेस्ट दाखवून ठेवा. आठवडाभरात ती तुमच्या जलसुरक्षकाइतकी तयार होते. आशाताईंनी भेटीच्या यादीत कोप्या आणि पालं लिहून घ्यावीत.

‘ते बाहेरचे आहेत, आमच्या नळावर कसे?’ हा प्रश्न कुठंतरी उठतोच. सार्वजनिक पाणवठ्यावर कुणाचा हक्क आहे, हा वाद महाराष्ट्रानं १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बघितलाय. ज्यांना घर क्रमांक नाही त्यांना घरगुती नळजोड देता येत नसेल, पण रस्त्याकडेला सार्वजनिक नळ द्यायला अडचण नसावी.

पूर आला, घर सोडावं लागलं

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला तेव्हा शेजारच्या माढा, मोहोळ, करमाळा भागातल्या गावांतून माणसं बाहेर काढावी लागली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातल्या गावांना निवारा केंद्र कसं चालवायचं, ते त्या दिवसांत शिकावं लागलं. अशा केंद्रात पहिल्या तासापासून दोन गोष्टी हव्यात: तोटी असलेली टाकी आणि पाण्यापासून लांब, बायकांसाठी वेगळं शौचालय. टँकर आला की टाकीत टाकण्याआधी ओटी टेस्ट करा. फेरी, वेळ आणि लिटर लॉगबुकात लिहून गावातल्या महिलांच्या सह्या घ्या. टँकर थेट लोकांच्या हंड्यात सोडू नका. ढकलाढकली होते, पाईप चिखलात पडतो आणि म्हातारी माणसं, अपंग, एकट्या बाया मागं राहतात.

पूर ओसरल्यावर विहिरीची घाई करू नका. भोवतालची जमीन भिजून फुगलेली असताना पाणी एकदम उपसलं तर बांधकाम आत ढासळतं. टप्प्याटप्प्यानं उपसा, गाळ काढा, आतल्या भिंती घासा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. त्याच्या धुरानं आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. विहीर पुन्हा भरली की हजार लिटरला सुमारे १०० ग्रॅम टीसीएल, म्हणजे नेहमीच्या वीसपट मात्रा टाका. बारा तास कुणी पाणी भरू नये. मग वास जाईपर्यंत आणि ओटीचा रंग नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत उपसा. हे सगळं आरोग्य सेवकाच्या देखरेखीखाली करा आणि नमुन्याचा अहवाल प्रयोगशाळेतून येईपर्यंत ते पाणी पिऊ नका.

तात्पुरतं म्हणून जे उभं राहतं ते किती काळ टिकेल, याचा भरवसा नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याआधी माणसांना पत्र्याच्या शेडमध्ये बराच काळ काढावा लागला. म्हणून निवाऱ्याचा मुक्काम पंधरा दिवसांहून लांबतोय असं दिसलं की टँकरवर न थांबता बोअर, पाईप आणि सांडपाण्याची सोय मागा. धरणामुळं उठलेल्या गावांनी तर पुनर्वसनाच्या १८ नागरी सुविधांची यादी हातात ठेवूनच जागेचा ताबा घ्यावा. पाणी त्या यादीत आहे.

भांड्यापासून ओठापर्यंत

तोटीपर्यंत शुद्ध आलेलं पाणी घरात बिघडतं ते हातानं. पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं वापरा नाहीतर तोटीचा माठ घ्या. पिण्याचं भांडं जमिनीपासून वर, झाकून ठेवा आणि रोज घासा.

गढूळ पाण्यावर क्लोरीन वाया जातो. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि मगच क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाका. मात्रा पाकिटावर लिहिलेली असते, थांबायचं अर्धा तास. गाळायला जुनी सुती साडी चांगली. बांगलादेशात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साडी किमान चार पदरी घडी करून गाळलेलं पाणी पिणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यानं घटले. नव्यापेक्षा जुनी साडी बरी, कारण धुवून धुवून तिचं सूत फुगतं आणि भोकं बारीक होतात. साडीनं पटकीचे सगळे जंतू जात नाहीत, म्हणून पुढचं क्लोरीन चुकवू नका. सरपण किंवा गॅस असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवा.

तरीही जुलाब लागलेच तर वाट बघू नका. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आज त्याची पुडी आशाताईंकडं मिळते. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, घोट घोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा. एकाच वस्तीत दोन-तीन जणांना जुलाब लागले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

वर्षाचं वेळापत्रक

एप्रिलमध्ये स्रोतांची पाहणी करून घ्या, पाणी किती दिवस पुरेल ते बघा आणि कमी पडणार असेल तर टँकरचा प्रस्ताव वेळेत द्या. मे महिन्यात कठडे, ओटे आणि गळके नळजोड दुरुस्त करा. जून ते सप्टेंबर रोज टीसीएल आणि रोज ओटी टेस्ट. ऑक्टोबरमध्ये टाकी धुवा, दुसरी पाहणी करून घ्या आणि टोळ्या येण्याआधी मुकादमांची बैठक बोलवा. नोव्हेंबरपासून हंगाम संपेपर्यंत आठवड्यातून एक नमुना कोपीवरून घ्या.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा नेमकी या बैठकीच्या वेळेला येते. तिथं वहीची दोन्ही पानं वाचून दाखवा आणि तीन ठराव मांडा. पहिला, हंगामी माणसांची नोंद गावाच्या पाणी आराखड्यात घ्यायची. दुसरा, सार्वजनिक नळ आणि टाक्यांचा खर्च वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करायचा. तिसरा, ओटी टेस्टची वही दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. ठरावापुढं जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.